पान पिवळं झालंय, पण कुठलं?

या वेळचं पत्र पुण्यातल्या वाकडहून आलंय. जरा लांबलचक होतं म्हणून थोडं कापून देतेय, मुद्दे मात्र सगळे ठेवलेत.

"ताई, आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, बाल्कनी पश्चिमेला आहे. जूनमध्ये घरातल्या वाळक्या मिरचीचं बी टाकलं आणि जुलैत आठ रोपं लावली. चार रेलिंगजवळ, रंगाच्या रिकाम्या २० लिटरच्या डब्यांत, तळाला चार बोटं विटांचे तुकडे घालून. उरलेली चार आत भिंतीकडे मातीच्या कुंड्यांत. माती सगळ्यांना एकच, गावाकडून आणलेली काळी माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत. आता ऑगस्ट संपत आला. रेलिंगजवळच्या चारही रोपांची खालची पानं पिवळी पडून गळतायत, वाढ ठप्प. आतली तीन उंच झालीत पण काडीसारखी, आणि चौथं बुटकंच राहिलंय, पानं चुरडलेली. दोन वर्षांपूर्वी आणलेलं लिंबाचं कलमही भिंतीकडेच आहे, त्याची नवीन पानं पिवळी येतात, शिरा मात्र हिरव्या. कढीपत्त्याची खालची दोन-तीन पानं पिवळी झालीत. पाणी रोज सकाळी सगळ्यांना एक-एक मग, सोसायटीचं बोअरचं. आतापर्यंत एप्सम सॉल्ट, अंड्याची टरफलं, चहापत्ती, ताक आणि दोनदा १९:१९:१९ चं पाण्यात विरघळणारं खत देऊन झालं. नर्सरीवाला म्हणतो बुरशी आहे, शेजारच्या काकू म्हणतात लोह कमी आहे, व्हिडिओत सांगितलं मॅग्नेशियम. नक्की कोणाचं खरं? आणि या वर्षी मिरच्या लागतील का?"

नमस्कार ताई,

सगळ्यात आधी, तुम्ही कुठलं रोप कुठे ठेवलंय ते लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. बहुतेक लोक एका पिवळ्या पानाचा जवळून काढलेला फोटो पाठवतात आणि खाली लिहितात "काय टाकू?", आता त्यातून काय कपाळ कळणार. तुमच्या पत्रातच निम्मं उत्तर आहे, फक्त ते पानाच्या रंगात नाहीये, रोपांच्या रांगेत आहे.

बघा, आठही मिरच्या एकाच मातीत आहेत, खतही सारखंच मिळालंय. मातीतच काही कमी असतं तर आठही रोपं थोड्याफार फरकाने सारखीच फिकट पडली असती. तसं झालेलं नाही. बाहेरची चारही एका पद्धतीने आजारी आहेत, आतली तीन दुसऱ्याच पद्धतीने, आणि एक वेगळंच. म्हणजे खतापेक्षा जागा, डबा आणि पाणी यांच्याकडे आधी बघायचं. ही असमान वाढ तुम्हाला वैताग वाटतेय, पण निदानाला त्याच्याइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही, सगळी रोपं एकसारखी पिवळी पडली असती तर मला जास्त अवघड गेलं असतं.

आणि दुसरा प्रश्न नेहमी एकच विचारायचा, पिवळं झालेलं पान कुठलं, खालचं जुनं की शेंड्याकडचं नवं. नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही झाडाच्या आत इकडून तिकडे हलू शकणारी द्रव्यं आहेत, ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, घरात भाकरी कमी असली की आई आपल्या ताटातली पोराच्या ताटात टाकते ना तसं. म्हणून आधी खालची पानं जातात. लोह, जस्त, कॅल्शियम यांचं तसं नाही, ती जिथे गेली तिथेच बसतात, त्यामुळे त्यांची कमतरता असली की जुनी पानं हिरवीगार राहतात आणि नवं येणारं पान पिवळं निघतं. खालचं पान सगळंच एकसारखं फिकट म्हणजे बहुधा नत्र, खालच्याच पानाच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी म्हणजे मॅग्नेशियम, खालच्या पानाच्या कडा करपल्यासारख्या म्हणजे पालाश किंवा मग क्षार साचलेत. आणि नव्या पानाच्या शिरा हिरव्या, बाकी पिवळं म्हणजे लोह. एवढं पाठ झालं की निम्मे व्हिडिओ बघायची गरज उरत नाही.

आता या हिशेबाने तुमची बाल्कनी बघू.

रेलिंगजवळच्या चार. पुण्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, तुमची बाल्कनी पश्चिमेला, म्हणजे जुलै-ऑगस्टचा सगळा पाऊस तिरका येऊन या चार डब्यांतच पडतोय. वर तुमचा रोजचा मग चालूच. वीतभर रोप, २० लिटरचा डबा, रोपाच्या मुळ्या मूठभर आणि भोवती बादलीभर ओली माती, ती मुळं पिऊन पिऊन किती पिणार. मातीच्या कुंडीच्या अंगातून थोडंतरी पाणी उडून जातं, प्लास्टिकच्या डब्यातून ते फक्त वरून आणि खालच्या भोकांतून जाऊ शकतं. भोकं किती पाडलीत ते तुम्ही लिहिलं नाही, पण या डब्यांना बरेच जण खिळ्याने दोन-तीन पाडतात आणि ती काळ्या मातीने बुजून जातात. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि कुंडीत तिचा गच्च गोळा होतो. शेतात तीच माती कापसाला सोन्यासारखी, डब्यात मात्र त्रासदायक, आणि गावची माती म्हणून तिच्यावर आपला जीव असतो तो भाग वेगळा.

त्यात ते विटांचे तुकडे. हे मी सांगितलं की लोक माझ्यावर चिडतात, कारण आजीपासून नर्सरीवाल्यापर्यंत सगळ्यांनी तळाला खापऱ्या घालायलाच सांगितलेलं असतं. छिद्रावर एक खापरी उलटी ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून, तेवढं ठीक. पण चार बोटांचा थर घातला की निचरा सुधारत नाही, उलट बिघडतो. पाणी बारीक मातीतून खालच्या मोकळ्या थरात सहजासहजी उतरत नाही, वरची माती पूर्ण गच्च भिजल्याशिवाय ते खाली जातच नाही, त्यामुळे तुकड्यांच्या बरोबर वर एक कायमचा ओला थर राहतो. तो थर एरवी डब्याच्या तळाशी राहिला असता, आता तो चार बोटं वर सरकलाय, मुळांच्या जवळ.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत गच्च ओली राहिली की मुळं गुदमरतात आणि मग शेजारी खत पडलेलं असलं तरी उचलता येत नाही. शिवाय नत्र पाण्यात लगेच विरघळतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर खालून निघून जातं, जे राहतं त्यातलं काही ओल्या गच्च मातीत वायू होऊन उडून जातं. म्हणजे खालची पानं पिवळी पडण्याचं कारण नत्राची कमतरता हे बरोबर, पण ती कमतरता खत कमी पडल्याने आलेली नाही. म्हणून तुमचं दोनदा दिलेलं १९:१९:१९ कुठे गेलं ते दिसलंच नाही. दुपारी ही रोपं मान टाकत असतील आणि तुम्हाला वाटत असेल पाणी कमी पडलं, आणि मग अजून एक मग. असं होत असेल तर हात जोडून सांगते, तो मग खाली ठेवा.

खात्री कशी करायची, तर चारातलं सगळ्यात वाईट दिसणारं एक रोप निवडा, डबा आडवा करून माती हलक्या हाताने सैल करत रोप बाहेर काढा. घाबरू नका, त्याचं आता यापेक्षा वाईट काही होणार नाहीये. मुळं पांढरी, टणक असतील तर वेळ गेलेली नाही. तपकिरी, मऊ, बोटाने ओढल्यावर साल निघून आत दोरा राहतो अशी असतील आणि मातीला गटारासारखा वास असेल तर मुळं सडायला लागलीत. इथे तुमच्या नर्सरीवाल्याचं अर्धं खरं आहे, सडणाऱ्या मुळांवर बुरशी बहुधा असते, पण ती पाणी साचल्यामुळे आलेली आहे, नुसतं बुरशीनाशक ओतून पाणी तसंच ठेवलंत तर पैसे तेवढे जातील. मुळं बघताना अजून एक बघा, मुळांवर मण्यांसारख्या गाठी आहेत का. शेतातली माती आणली की तिच्याबरोबर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत, येऊ शकतात आणि मिरची-टोमॅटो हे त्यांचं आवडतं खाणं. गाठी दिसल्या तर ते रोप आणि त्या डब्यातली माती दोन्ही बाजूला, दुसऱ्या कुठल्याही कुंडीत ती माती मिसळायची नाही. पुढच्या एप्रिल-मेमध्ये ती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली कडक उन्हात महिनाभर तापवा, मग वापरा.

गाठी नसतील तर चारही डब्यांचं काम एकदाच उरका. रोपं काढा, सडलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा, विटांचे तुकडे फेका, तळाला आणि तळापासून बोटभर वर बाजूलाही करंगळी जाईल अशी सात-आठ भोकं पाडा. ही रोपं लगेच परत एवढ्या मोठ्या डब्यात नकोतच, आधी ६ ते ८ इंचाच्या कुंडीत लावा, मूळ भरलं की मग डब्यात. मातीचं प्रमाण, एक भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग पूर्ण कुजलेलं गांडूळखत, एक भाग धुतलेलं कोकोपीट आणि अर्धा भाग जाड वाळू किंवा पर्लाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे) किंवा भाताची तुसं. काळी माती घालायचीच असेल तर लाल मातीच्या जागी थोडी, चवीपुरती. ट्रायकोडर्मा (मुळं सडवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिळालं तर लावताना पाण्यात ५ ग्रॅम लिटरला घालून मुळाशी ओता. मग आठ-दहा दिवस पाऊस लागणार नाही अशा उजेडाच्या जागी ठेवायचं आणि खत अजिबात द्यायचं नाही, आजारी मुळांना खत म्हणजे शिक्षा. नवं पान हिरवं दिसलं की १९:१९:१९ लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा. पूर्ण पिवळी झालेली जुनी पानं परत हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे बघत बसू नका, नव्या पानाकडे बघा.

कोकोपीट धुतलेलं का म्हणते, तर विटेच्या आकाराचं स्वस्त कोकोपीट बऱ्याचदा खारं असतं, त्यात सोडियम आणि पालाश भरपूर असतं. बादलीत भिजवून दोन-तीन वेळा पाणी बदलून पिळून घ्यायचं, ते पाणी झाडांना घालायचं नाही. आणि कोकोपीट वरून कोरडं दिसतं, आत ओलं असतं, त्यामुळे रंग बघून पाणी देणाऱ्यांची ते रोज फसवणूक करतं. बोट दोन पेर आत घाला किंवा कुंडी उचलून वजन बघा. हलकी लागली तरच पाणी.

आता तुम्ही काय काय दिलंत त्याबद्दल, कारण हे वाचणाऱ्या निम्म्या लोकांनी तेच दिलेलं असणार. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, ते खालच्या पानांच्या शिरांमधली जागा पिवळी असेल तेव्हा लागू पडतं, तुमच्याकडे एकाही रोपाचं तसं वर्णन नाही. गरज नसताना घातलेलं मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाटेत येतं. अंड्याची टरफलं म्हणजे चुना, तो विरघळायला आम्लता लागते आणि तुमच्या कुंडीत ती नाहीच. चहापत्ती दूध-साखरेची असेल तर मुंग्या आणि चिलटं, कंपोस्टमध्ये टाका, थेट कुंडीत नको. ताकाबद्दल कोणाचं मन दुखवायचं नाहीये, कढीपत्त्याला ताक घालायची पद्धत जुनी आहे, पण कपभर पातळ ताकाने बोअरच्या पाण्याचा परिणाम पुसला जात नाही, आणि मीठ घातलेलं ताक असेल तर उघड नुकसानच आहे. गंजके खिळे मातीत पुरणं हाही त्यातलाच प्रकार, गंजातलं लोह झाडाला सहजी घेता येत नाही. माझा राग या गोष्टींवर नाहीये, पाच गोष्टी एकाच महिन्यात देण्यावर आहे, कारण उद्या रोप सुधारलं काय आणि मेलं काय, कशामुळे ते कोणालाच कळणार नाही. एका वेळी एकच बदल करायचा आणि नवीन दोन पानं येईपर्यंत हात मागे बांधून बसायचं. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहितीये.

आतली तीन. ही आजारी नाहीत, ती उजेड शोधतायत. उंच, बारीक, दोन पानांमधलं अंतर लांब, आणि बहुधा रेलिंगकडे झुकलेली असतील. मिरचीला रोज निदान सहा तास ऊन हवं, पावसाळ्यात तर ढगांमुळे मोकळ्यावरही तेवढं मिळत नाही आणि भिंतीकडे तर काय मिळणार. त्यांना रेलिंगजवळ आणा, मातीच्या कुंड्या आहेत, खाली विटेचे दोन तुकडे ठेवून कुंडी उचलून धरा म्हणजे छिद्र मोकळं राहील, ताटली काढून टाका. पाऊस असेल त्या दिवशी पाणी नाही. शेंडा दोन पानांसकट खुडा म्हणजे बाजूने फुटवे येतील, आणि बुंध्याला बोटभर मातीची भर द्या, वाऱ्याने पडणार नाहीत. उघडीप मिळाली की पश्चिमेचं दुपारचं ऊन एकदम सणसणीत लागतं, तेव्हा पहिले चार-पाच दिवस दुपारी जुन्या ओढणीची सावली करा.

या तिघांच्यातही उंचीचा थोडा फरक असेल तर तो तसाच राहू दे. घरातल्या वाळक्या मिरचीचं बी आहे, बाजारातली ती मिरची संकरित वाणाची असेल तर तिच्या बियांतून येणारी रोपं एकमेकांसारखी येतच नाहीत, कोणी उंच कोणी ठेंगणं, हा बियांचा गुण आहे. शिवाय जे बी चार दिवस आधी उगवलं ते पुढेच राहतं. आणि हो, उगवल्यावर आलेली पहिली दोन गुळगुळीत पानं पिवळी होऊन गळतात ती गळणारच असतात, त्यांचं काम संपलेलं असतं, त्यावरून काळजी करणारी पत्रं दर जुलैत येतात.

चौथं बुटकं मात्र आजच उचलून बाकीच्यांपासून लांब ठेवा, हे वाक्य वाचून झालं की उठाच. पान उलटं करून चांगल्या उजेडात बघा, शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. पानांच्या कडा वर वळून होडीसारखी झाली असतील आणि कागदावर बारीक लांबट किडे पळताना दिसले तर फुलकिडे. कडा खाली वळल्या असतील, पान अरुंद आणि लांब झालं असेल तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, रस शोषणारी अगदी बारीक कीड), ते डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत. झाड हलवल्यावर पांढरी माशी उडाली आणि नवी पानं अगदी बारीक, गुच्छ झाल्यासारखी, शिरा पिवळट असतील तर तो बहुधा विषाणू, ज्याला आपल्याकडे चुरडामुरडा किंवा बोकड्या म्हणतात. विषाणूला औषध नाही, ते रोप पिशवीत घालून सरळ कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही, आणि जीव तुटला तरी "बघू अजून आठ दिवस" करायचं नाही कारण त्या आठ दिवसांत माशी ते बाकीच्या सातांना देऊन येते. किडे असतील तर निंबोळी तेल ५ मिली लिटरला, दोन-चार थेंब भांडी घासायचं लिक्विड घालून, संध्याकाळी, पानाच्या खालून, पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीनदा. कोळीच असेल तर पाण्यात मिसळणारं गंधक २ ग्रॅम लिटरला जास्त चांगलं, पण तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे गंधक मारायचं नाही, पानं भाजतात. तुमच्या रोपाचं नुसत्या वर्णनावरून यातलं कुठलं ते मी सांगू शकत नाही, पानाच्या खालच्या बाजूचा फोटो पाठवा.

आता लिंबू. इथे काकूंचं खरं आहे, पण त्यांनाही एक गोष्ट सांगा. नव्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पिवळं म्हणजे झाडाला लोह मिळत नाहीये, पण कुंडीत लोह नाही असं नाही. आपल्या मातीत लोह भरपूर असतं, ते अडकून पडतं. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतात, बाथरूमच्या नळावर आणि बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो ना, तो त्याचाच. रोज एक मग असं दोन वर्षं घातलं की कुंडीतल्या मातीचा पीएच (माती आंबट की खारी याचं माप, सातच्या खाली आंबट) चढत जातो, आठच्या पुढे गेला की लोह, जस्त, मँगनीज ही सगळी मातीत असून नसल्यासारखी. लिंबाला सहा-साडेसहाच्या आसपास आवडतं. मिरच्यांना पाऊस लागतोय, त्यांना हे जाणवलं नाही. लिंबू भिंतीकडे, त्याला दोन वर्षांत पावसाचा थेंब बहुधा मिळालेलाच नाही. कुंडीच्या कडेला पांढरी पापडी धरली असेल बघा. एप्सम सॉल्टने त्या क्षारांत भरच घातली.

खात्री करायची असेल तर एक सोपी गंमत आहे. पाण्यात विरघळणारं चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या द्रव्यात बांधलेलं लोह) आणा, लिटरला अर्धा ग्रॅम, आणि एका पिवळ्या पानाच्या फक्त अर्ध्या भागाला ब्रशने लावा. आठ-दहा दिवसांत तो अर्धा भाग हिरवट झाला तर लोहच. नवी पानं बारीक, टोकदार आणि डागाडागांनी पिवळी असतील तर सोबत जस्तही कमी आहे, मग सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण फवारा. आणि एक पान मधल्या शिरेवर दुमडून बघाच. दोन्ही बाजूंचं पिवळेपण एकमेकांवर बसलं तर अन्नद्रव्याची कमतरता, दोन्ही बाजूंचे डाग अजिबात जुळत नसतील तर मात्र ग्रीनिंग नावाच्या रोगाची शंका येते, तसं असेल तर परत लिहा, तो विषय वेगळा आहे.

उपाय फुकट आहे. दोघांनी मिळून लिंबाची कुंडी उचला आणि रेलिंगजवळ पावसात ठेवा, मिरच्यांचे डबे आत. ज्याला पावसाची गरज आहे ते आडोशाला आणि ज्याला नको ते पावसात, असं झालंय तुमच्याकडे. सप्टेंबरातला पाऊस त्या कुंडीतून चांगला झिरपू दे, क्षार धुऊन निघतील. वर एक बादली ठेवून पावसाचं पाणी साठवा, एसीचं पाणीही चालतं, आरओचं वाया जाणारं पाणी मात्र नाही, त्यात सगळे क्षार दुप्पट झालेले असतात. पाऊस संपल्यावर बोअरचंच पाणी द्यावं लागलं तर ५ लिटरला साधारण १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घाला, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते, रोज नाही, आठवड्यातून दोनदा पुरे. सोसायटीत सॉफ्टनर बसवलाय का तेही विचारून घ्या, कारण सॉफ्टनरने नळावरचे डाग जातात पण पाण्यात सोडियम वाढतं, बायकार्बोनेट तसेच राहतात, आणि सोडियम कुंडीतल्या झाडांना अजिबात मानवत नाही. तसं असेल तर सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी आणा.

तोवर झाडाला आधार म्हणून चिलेटेड लोहाची फवारणी, १ ग्रॅम लिटरला, संध्याकाळी, पंधरा दिवसांनी परत एकदा. मातीतून द्यायचं असेल तर पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलंच घ्या, महाग असतं पण चढ्या पीएचला तेच टिकतं, साधं ईडीटीए अशा मातीत लवकर निकामी होतं, ते फवारणीला ठीक. हिराकस (फेरस सल्फेट) तर अशा मातीत घातल्या घातल्या अडकून जातो. फवारल्यावर पानावर हिरवे ठिपके ठिपकेच दिसले तर गोंधळू नका, लोह हलत नाही, थेंब पडला तिथेच रंग येतो.

कलम आहे म्हणता, तर जोडाच्या खालून फुटवा आलाय का तेही बघा. खुंट, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात ते, बहुधा रंगपूर लाईमचा किंवा जंबेरीचा असतो आणि तो जोमदार असतो, खालचा फुटवा तरारून वाढतो आणि वरचं कलम उपाशी राहतं. एकच बाजू जोरात वाढतेय असं वाटत असेल तर बहुतेक तेच. तो फुटवा जिथून निघालाय तिथून तोडा.

कढीपत्त्याला काही झालेलं नाही. खालची दोन-तीन जुनी पानं गळतातच. पाणी कमी करा, ताक थांबवा, शेंडा खुडा आणि फोडणीला वापरा. हिवाळ्यात तो थांबतो आणि अजून पानं टाकतो, तेव्हा घाबरून खत घालू नका, फेब्रुवारीत आपोआप फुटेल.

तीन काट्यांचं ते जमिनीत खुपसायचं मीटर घेऊ का असं तुम्ही शेवटी विचारलं होतंत, वर कापताना राहिलं. ओलाव्यापुरतं ठीक, पीएचचं रीडिंग त्यावर विश्वास ठेवण्यासारखं नसतं. त्या पैशात माती आणि पाणी दोन्ही एकदा लॅबमध्ये तपासून घ्या, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

मिरच्या लागतील का, तर आतली तीन उजेडात आली आणि शेंडे खुडले की ऑक्टोबरमध्ये फुलं धरायला हरकत नाही. बाहेरच्या चारांतली पांढऱ्या मुळांची असतील ती उशिरा का होईना येतील, सडलेल्या मुळांच्या रोपांवर फार आशा ठेवू नका. त्याऐवजी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवं बी टाका, या वेळी पाकिटातलं, सीडलिंग ट्रेमध्ये, एका कप्प्यात दोन, उगवल्यावर कमजोर असेल ते कापून टाकायचं, उपटायचं नाही नाहीतर शेजारच्याची मुळं हलतात. पाच-सहा आठवड्यांनी लावायला तयार होतील, तोवर पाऊसही परतलेला असेल आणि तुमचे डबेही भोकं पाडून मोकळे असतील. लावताना आठही रेलिंगजवळच लावा, आणि दर आठवड्याला प्रत्येक कुंडी पाव फेरा फिरवत जा.